विषाचं व्हाउचर

डोंबिवलीच्या माणसाने ‘मला फार थकवा येतो’ म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा समजला जातो. ऐकणारा तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. त्याला विचारायचं असतं, ‘मग आम्ही काय घरी लोळत पडतो?’ पहाटे उठून डबे भरणारी, बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटं कल्याणला जाणारी आणि रात्री नऊला मेथीची जुडी घेऊन फडके रोडवरून घरी परतणारी माणसं इथे घरोघरी आहेत. रेल्वेच्या दप्तरी आमच्या गर्दीला स्वतंत्र नाव आहे: ‘सुपर डेन्स क्रश लोड’. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं. कॅरमबोर्डापेक्षा जेमतेम मोठी जागा आणि तिच्यात सोळा. बोर्डावर सोंगट्या एकोणीस मावतात हे खरं, पण त्यांच्या पाठीवर सॅक नसते.

माझं म्हणणं मात्र वेगळं होतं. दमणं मला ठाऊक आहे. दमलेला माणूस झोपला की ताजा होऊन उठतो. मी झोपून उठायचो तो आणखी दमलेला. रविवारची वामकुक्षी झाली की स्वयंपाकघरातल्या चहापर्यंत चालत जाणं ही मोहीम वाटायची. ऑफिसात एकच रकाना तीनदा बेरजेला घ्यायचो आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं यायचं. माझा उभा जन्म लेखापरीक्षणात गेलाय. बेरीज चुकणं ही आमच्याकडे प्रकृतीची तक्रार मानत नाहीत, चारित्र्याची मानतात. तेव्हा विषय सकाळच्या ग्रुपमध्ये काढणं भाग होतं.

आमच्या डब्यात डॉक्टर एकही नाही, त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याला तोटा नाही. कोपर मागे पडेपर्यंत मला थायरॉइड झाला, दिव्याला शुगर, मुंब्र्याला वास्तुदोष. कळव्याच्या आसपास दीक्षित विरुद्ध दिवेकर सुरू झालं. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे आणि थोड्या थोड्या वेळाने खात राहा म्हणणारे असे दोन्ही पक्ष चौथ्या सीटवरून एकमेकांवर तुटून पडले आणि त्यात माझा थकवा बाजूलाच राहिला. मग खिडकीतले गृहस्थ, जे एरवी कधीच तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, “तुमच्या बॉडीत टॉक्सिन्स साठलेत.”

सगळे गप्प झाले. निदान असावं तर असं. पित्त म्हटलं की रात्री काय खाल्लंत याची चौकशी होते. साखर वाढली म्हटलं की बायको कपाटातला बर्फीचा डबा पुराव्यादाखल पुढे ठेवते. टॉक्सिन्समध्ये पेशंट संपूर्ण निर्दोष असतो.

“कुठलं विष?” मी विचारलं.

“अहो, टॉक्सिन्स!”

“ते कळलं. पण नाव काय त्याचं?”

गृहस्थ दुखावले. “नाव विचारत नसतात,” म्हणाले आणि घाटकोपरला उतरेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

पण आमच्या खात्यात नाव विचारतात. कुठली वस्तू, किती नग आणि बाहेर गेल्याची पावती कुठाय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही टाचणीचा डबासुद्धा मंजूर करत नाही. पुढे जिथे जिथे गेलो तिथे मी हेच तीन प्रश्न घेऊन गेलो.

मानपाडा रोडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर एक वेलनेस सेंटर आहे. सौ.ने परस्पर तिथे माझं नाव घातलं, कारण पहिली तपासणी फुकट होती. हातात एक पितळी दांडी धरायची. दांडीची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीबेरंगी आतडी गरगरत असतात. मिनिटभरात जाडजूड रिपोर्ट छापून आला. त्यात हाडं होती, डोळे होते, जस्त होतं, शिसं होतं. मी सवयीने शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. माझ्या बीजांडकोशाला सौम्य सूज असल्याचं आढळलं.

“सॉरी सर, जेंडर सिलेक्ट करायचं राहिलं,” मुलगी म्हणाली. तिने ‘पुरुष’ केलं आणि पुन्हा बटण दाबलं. एव्हाना मी दांडी टेबलावर ठेवून दिली होती. यकृत तरीही आलं, आणि मघापेक्षा बरं आलं.

बरं असलं तरी त्यावर भार होताच, आणि उपाय पायांतून होता. तळव्यांना म्हणे शरीरातली सगळ्यात मोठी छिद्रं असतात आणि विष गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं. (तसं असतं तर पोस्टाच्या खिडकीत उभे राहणारे आमच्या पिढीतले सगळे लोक घोट्यापर्यंत निळे दिसले असते.) निळा प्लास्टिकचा टब, कोमट पाणी, चमचाभर मीठ. पाण्यात एक जाळीची डबी सोडतात, आत धातूची गुंडाळी. मनगटाला पट्टा बांधतात आणि यंत्रावरचे लाल आकडे उलटे मोजायला लागतात. पाच-सात मिनिटांनी पाणी पिवळसर झालं, मग नारिंगी, मग तपकिरी. वर फेस धरला आणि फेसात काळे कण फिरायला लागले. भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता होता. पिवळट हिरवा म्हणजे मूत्रपिंड, नारिंगी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे यकृत आणि तंबाखू, पांढरा फेस म्हणजे लसिकासंस्था.

“काका, बघा किती निघालं!” मुलीला मनापासून आनंद झाला होता. शेजारच्या खुर्चीतल्या आजींचं पाणी माझ्यापेक्षा फिकं होतं. त्यांनी माझ्या टबात डोकावून तोंडाला पदर लावला.

“तंबाखू खाता?”

“नाही.”

“घरात कुणी?”

“नाही.”

“मग ऑफिसात असणार,” असं म्हणून तिने माझ्या साहेबांवर आळ घेतला.

मी म्हटलं, “एकदा पाय न घालता यंत्र चालवून दाखवाल का?” आमच्यात ही अगदी साधी रीत आहे. पेटीतून पैसे गेले म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, पेटीत होते का? मुलगी गडबडली. आतून मॅडम आल्या आणि रिकामं चालवलं तर मशीन खराब होतं, असं सांगून त्यांनी मला दहा सेशनच्या पॅकेजचं कार्ड दिलं. जीएसटी वेगळा.

मशीन त्यांनी रिकामं चालवलं नाही, म्हणून ते काम माझ्या भाच्याने केलं. तो पॉलिटेक्निकला आहे. दोन लोखंडी खिळे, जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, अर्धी बादली पाणी आणि मूठभर मीठ. “मामा, पाण्यात हात घालायचा नाही हं,” अशी मला तंबी देऊन त्याने स्विच चालू केला. मी पंख्याखाली बसून लांबूनच बघत होतो. बादली पिवळी झाली, नारिंगी झाली, तपकिरी झाली, फेस आला. भाचा वाकून गंभीरपणे म्हणाला, “बादलीचं लिव्हर गेलंय. तंबाखू खाते.”

खारट पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. रंग तो. पायांचा संबंध एवढाच की ते तिथे हजर असतात. २०१२ साली टोरांटोच्या निसर्गोपचार महाविद्यालयातल्या संशोधकांनी सहा निरोगी माणसांना अशा यंत्राच्या टबात बसवून पाणी, लघवी आणि केस तपासले. यंत्राने अंगातून घातक धातू बाहेर काढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे निसर्गोपचारवाल्यांनीच छापलं, याचं मला फार कौतुक वाटलं. स्वतःच्या खात्याचं ऑडिट इतक्या सरळ हाताने करणारी माणसं आमच्यातही थोडीच.

तळव्यांना रात्री चिकटवायच्या पट्ट्यांवर जास्त वेळ घालवत नाही. त्या सकाळी काळ्या होतात, कारण आत लाकडापासून काढलेल्या व्हिनेगरची पूड असते आणि ती ओल लागली की काळवंडते. किटलीच्या वाफेवर धरली तरी किटली विषमुक्त होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये असल्या पट्ट्या विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं होतं. आपल्याकडे त्या केमिस्टच्या काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांशेजारी मिळतात.

आता माझे साडू. राहायला कल्याणला, खडकपाड्याला. उत्साही गृहस्थ. कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाहीत. त्यांनी ‘लिव्हर फ्लश’ केलं. संध्याकाळपासून उपास, मग एप्सम सॉल्टचं पाणी, झोपताना वाटीभर ऑलिव्ह तेलात लिंबाचा रस घालून एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी पित्ताशयातले खडे शौचावाटे पडतात. साडूंचे पडले. हिरवे, गोल, करवंदापासून वाटाण्यापर्यंत सगळ्या मापांचे. त्यांनी ते चाळणीत धुऊन घेतले, मापासाठी शेजारी दहाचं नाणं ठेवलं आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. वेळ पोह्यांची होती. सासूबाईंनी चष्मा न लावताच उत्तर लिहिलं: “छान झालेत. कृती पाठव.”

खड्यांचं हे कोडं २००५ साली सुटलंय. न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांकडे एक पेशंट असेच हिरवे खडे डबीत घालून घेऊन आली. त्यांनी ते तपासले आणि ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं. खड्यात पित्ताच्या खड्यात असतं ते कोलेस्टेरॉल नव्हतं, कॅल्शियम नव्हतं. ४० अंश उष्णतेत ते दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल झालं. प्यालेलं तेल, लिंबाचा रस आणि पोटातले पाचक रस मिळून आतल्या आत साबण तयार होतो, तो हा. वर्तमानपत्रात कल्याणचा मे महिन्यातला पारा कितीवर जातो ते साडूंना माहीत होतंच, त्यामुळे त्यांना प्रयोगशाळेची गरज पडली नाही. डबी गॅलरीत ठेवली, दुपारी तेल झालं. मी हळूच म्हटलं, “म्हणजे तुम्ही रात्रभर पोटात साबण केलात.” साडू क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग आतून धुतलं तरी गेलं ना?”

या माणसाला विनोद करून हरवता येत नाही. फक्त ज्याच्या पित्ताशयात खरोखरचे खडे आहेत त्याने हा उद्योग करू नये. खरा खडा हलून नळीत अडकला तर गाठ शस्त्रक्रियेशी असते.

आमच्या लहानपणी हे सगळं आजीच्या अखत्यारीत होतं. वार्षिक परीक्षा संपली की सुंठीच्या काढ्यात एरंडेल. नाक दाबायचं, घोट घ्यायचा, वर लिंबाची फोड चोखायची. आम्ही चाळीत राहायचो आणि मजल्यावर संडास दोनच होते. म्हणून आजी शेजारणींशी बोलून वार ठरवायची. ‘उद्या आमच्याकडे एरंडेल आहे हो,’ असं आदल्या दिवशी नळावर जाहीर व्हायचं आणि शहाणी बिऱ्हाडं त्या दिवशी लवकर उरकून घ्यायची. दुपारी मऊ भात, तूप, मेतकूट. आजीने विष, टॉक्सिन असलं काही कधी तोंडातून काढलं नाही. पोट साफ होईल, एवढाच दावा. आणि पावती त्याच दिवशी, तासाभराच्या आत. लेखापरीक्षकाला आणखी काय पाहिजे?

पोट आणि शरीर धुण्याची आपली परंपरा मोठीच आहे आणि तिच्यातली चांगली माणसं हिशेबाला पक्की होती, हे मला सांगितलंच पाहिजे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे पाहण्यासाठी त्यांनी साधकांना क्ष-किरणांपुढे उभं केलं, दाब मोजायची उपकरणं लावली आणि त्याचे आकडे स्वतःच्याच ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापले. गांधीजी १९४६ मध्ये उरळी कांचनला आले ते गरिबांसाठी निसर्गोपचार म्हणून. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, साधं खाणं. माती फुकट, पाणी फुकट. याच गोष्टीला आज घोडबंदर रोडला ‘मड थेरपी’ म्हणतात आणि माती कुठून मागवली ते दर्शनी भागात इंग्रजीत लिहिलेलं असतं.

पंचकर्माची हीच गत. आयुर्वेदाने ते सावकाश सांगितलंय. आधी स्नेहन, स्वेदन, मग मुख्य कर्म, मग पेजेपासून चढत चढत नेहमीच्या जेवणापर्यंत यायचं. वमन वसंतात, बस्ती पावसाळ्यात, रक्तमोक्षण शरदात. माझ्या हाती जी जाहिरात आली तिच्यात शनिवार-रविवारचं पंचकर्म होतं, ब्रेकफास्टसह. तिन्ही ऋतू रविवारी दुपारी बाराच्या चेक-आउटच्या आत.

ठाण्याचं डिटॉक्स डोंबिवलीपेक्षा उच्चभ्रू आहे, कारण त्याला तलाव आहे. सकाळी साडेसहाला उपवनला जा. येऊरच्या डोंगराकडून गार वारा येत असतो, माणसं महागड्या बुटांतून झपाझप चालत असतात आणि कडेला टेबलांवर स्टीलचे डबे ओळीने मांडलेले असतात. कारलं, दुधी, गव्हांकुर, कडुनिंब, कोरफड, गुळवेल. एक घोट, एक तोंड वेडंवाकडं, आणि पुढच्याला जागा. मेहुण्याकडे राहायला गेलो की मीही ओळीत लागायचो. ‘जितकं कडू तितकं गुणाचं’ हा आपल्या समाजाचा पाया आहे, औषधांत आणि नातेवाइकांतही. पण दुधीच्या बाबतीत तो उलटा आहे. दुधी कडू निघाला तर त्यातलं रसायन पोटात रक्तस्राव करण्याइतकं जहाल असू शकतं. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा रस पिऊन दगावले, आणि मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने बजावलं की रस कडू लागला तर टाकून द्या. गुळवेलीचंही तसंच. करोनाच्या काळात ती घरोघरी उकळत होती, आणि मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तेव्हा सहा रुग्णांचा अहवाल छापला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून प्यायले आणि यकृतच सुजलं. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. पण ज्याची कावीळ तो कुणाच्या मान्यतेसाठी थांबत नाही.

बाकी ठाणेकर व्यवहारी आहे. रस पिऊन झाला की मंडळी गाडी काढतात ती थेट मामलेदार मिसळीकडे. आत गेलेलं कडू आणि वरून पडलेली तर्री यांचा निकाल पोटाने आपापसात लावायचा.

आणि हे सगळं चाललंय कुठे? तर ज्या डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला तिथे. नंतर २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. त्या विषांना नावं होती, पत्ते होते, गाळे नंबर होते. मी ज्या व्हाउचरच्या मागे होतो ते तिथे रस्त्यावर पडलेलं होतं. २०१६ आणि २०२४, दोन्ही वर्षी मे महिन्यातच, त्याच पट्ट्यात स्फोट होऊन माणसं गेली. त्यावर विनोद करायची माझी टाप नाही. पण एवढं मात्र नमूद करतो, की सेंटरच्या भिंतीवरच्या तक्त्यात गुलाबी रंग नाही. रस्त्याला कुणी टबात बसवलं असतं तर त्याचं निदान झालंच नसतं.

शेवटी बायकोने हात टेकले आणि मला आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. टिळक नगरात दवाखाना, बाहेर लाकडी बाक, आत अजून हाताने लिहिलेली केसपेपरं. मी विषाचा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, “तुमची मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. यकृत चोवीस तास जागं आहे. या दोघांची कधी रजा पडली तर तुम्ही चालत इथे येणार नाही, आणतील. झोपता किती?”

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. यंत्राने नाही, ज्यूसवाल्याने नाही, साडूंनी तर नाहीच.

“साडेपाच तास,” मी.

“घोरता?”

“खालच्या मजल्यावरचे विचारून गेलेत,” हे उत्तर बायकोने दिलं. मध्येच श्वास अडकतो, मग दचकून उठतात, हेही तिने सांगितलं. डॉक्टरांनी त्यासाठी झोपेची तपासणी लिहून दिली आणि रक्त घेतलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, डी आणि बी-१२. त्यातलं बी-१२ पार तळाला गेलेलं निघालं.

यात माझं वेगळेपण काही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांची पाहणी छापली, तिच्यात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गीयांत ते प्रमाण ८१ टक्के. वरण-भात-तूप-लिंबू या चौकोनात बी-१२ फारसं बसत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यात असतं, आणि आमच्या घरचं दूध चहात पडतं तेवढंच. माझ्यासारख्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण बघायला लावणारं कुणी भेटलं नाही. जो भेटला तो खर्चाची बाजू दाखवत होता. आत काय जास्त झालंय, ते काढा, धुवा, ओका, गाळा. पुस्तकात तूट होती ती जमेच्या बाजूला. जीवनसत्त्व कमी, झोप कमी, डब्यातला प्राणवायू कमी. कमी आहे ते भरून देणारं पॅकेज कुणी विकत नाही, कारण इंजेक्शनं स्वस्त पडतात आणि झोप विकता येत नाही.

पण सगळ्यांचा हिशेब माझ्यासारखा एका रिपोर्टात जुळत नाही. बायकोची मावसबहीण नौपाड्यात राहते, शाळेत शिकवायची. करोना होऊन गेला आणि तिचा थकवा गेलाच नाही. बी-१२ उत्तम, थायरॉइड उत्तम, सगळे रिपोर्ट लखलखीत. गोखले रोडपर्यंत जाऊन भाजी आणली की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही. अशा दुखण्याची गोष्ट जुनी आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात एका साथीत शेकडो कर्मचारी असे आडवे झाले. पुढे १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी कागदपत्रं वाचून ठरवलं की हा उन्माद होता, कारण त्यात बायका जास्त होत्या. श्रम केले की दुखणं उलटतं, ही या आजाराची खूण आहे हे सर्वमान्य व्हायला २०१५ उजाडलं, आणि ‘रोज थोडं थोडं चालणं वाढवा’ हा सल्ला ब्रिटनने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढला तो २०२१ मध्ये. नौपाड्यातल्या शेजाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. ते तिला तलावपाळीला फेऱ्या मारायला सांगतात. तिच्याकडे टब येऊन गेला, पट्ट्या झाल्या, काढे झाले, एका शिबिरात शंखप्रक्षालनाचं मिठाचं पाणी पिऊन ती चक्कर येऊन पडली. परवा भेटायला गेलो तर उशीला टेकून म्हणाली, “भाऊजी, विष आता सगळं निघालं असेल. मी किती उरलेय तेवढं बघून घ्या.”

तिला सध्या एकच डॉक्टरीण बाई बऱ्या वाटतात. त्या म्हणतात, याला अजून औषध नाही. शक्ती जपून वापरा आणि कुणी काही विकायला आलं की दार उघडायचा त्रास घेऊ नका.

माझी इंजेक्शनं पार पडली. रात्री नाकाला लावायचं एक यंत्रही आलंय. ते लावून मी झोपलो की नातू घाबरतो, पण खालच्या मजल्यावरचे हल्ली जिन्यात हसून बोलतात. बेरीज पहिल्या फटक्यात जुळते. गाडीला गर्दी आहे तेवढीच आहे, तिच्यावर इंजेक्शन निघालेलं नाही.

मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या पुलावर सेंटरमधली ती मुलगी भेटली. खांद्याला डब्याची पिशवी, डोळे अर्धे मिटलेले, गर्दीबरोबर वाहत येत होती. तिनेच मला ओळखलं.

“काका, केवढे फ्रेश दिसताय! किती सेशन्स झाली?”

मी इंजेक्शनांचं सांगितलं. तिने लगेच फोन काढून डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला. म्हणाली, “मी पण जाते एकदा. वांगणीवरून येते ना, पाचला उठायचं, दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळी जीवच नसतो अंगात.”

“पण तुमच्याकडे मशीन आहे की.”

“ते कस्टमरसाठी हो,” ती म्हणाली. मग हाताचे तळवे पुढे करून दाखवले, बोटांच्या पेरांत नारिंगी रेघा बसल्या होत्या. “आम्हाला फक्त टब घासायचे. काथ्या घ्या, लिंबू घ्या, काही करा, गंज म्हणून निघत नाही.”